चित्रावरून मराठी लिहायला शिकवताना

चित्रावरून मराठी लिहायला कसं शिकवायचं यावरचा एक लेख वाचला. मुलांना चित्र द्या, गट करा आणि मग लिहायला सांगा, हे त्या लेखातलं एकदम पटलं. मी कोपरखैरणेला घरी मराठी शिकवते, बहुतेक मुलं हिंदी नाहीतर मल्याळी बोलणारी, २०२० च्या कायद्याने सगळ्याच बोर्डांना मराठी सक्तीची झाली म्हणून येतात. आधी मी 'माझा आवडता ऋतू' टाइप निबंध द्यायचे आणि मुलं ते पाठ करून उतरवायची, स्वतःचं एक वाक्य नाही. मग वाशीच्या एपीएमसी मार्केटमधल्या आंब्याच्या पेट्यांचा फोटो प्रिंट करून चौघांत एक दिला, आधी फक्त दिसेल त्याला नाव द्यायचं, पेटी, हमाल, हातगाडी, आणि मग त्याच शब्दांची वाक्यं. हिंदीत नपुंसकलिंग नाही ना, त्यामुळे 'तो फळ', 'ती दुकान' हमखास येतं, पण शेजारचं पोर लगेच ओरडतं, अरे ते फळ! माझ्या लाल पेनाने जे कधी बसलं नाही ते या भांडणात बसतं, खरंच.

फक्त एक, गटात हुशार मूलच सगळं लिहून टाकतं आणि बाकीचे बघत बसतात, त्याबद्दल लेखात काहीच नाही. मी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं पेन देते, प्रत्येकाची निदान दोन वाक्यं कागदावर दिसलीच पाहिजेत. आणि चित्रं प्लीज आपल्या आसपासची घ्या, ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंवर आमच्या सगळ्यात गप्प मुलीने पानभर लिहिलं.