शब्द आधी की नाटक आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नाटक अभ्यासण्याआधी कोणते शब्द माहीत हवेत, याची यादी मी मागच्या लेखात दिली होती. त्यावर आपण लिहिले आहे की, अशा याद्या पाठ करायला लावल्या की नाटकाची गोडी लागण्याआधीच मरते. आणि गावच्या भारूड मंडळींची सोंगे पाहत वाढलेल्या मराठवाड्यातल्या लेकरांवर ‘जनांतिक’, ‘नेपथ्य’ असले संस्कृत शब्द लादणे हा निव्वळ पंडिती सोस आहे. आपला पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. दुसरा मात्र मान्य नाही, आणि त्याचे कारण जरा सविस्तर सांगतो.

यादी अकारविल्हे दिली, ही माझी चूकच झाली. त्यातून ‘विदूषक’ या शब्दापुढे मी ‘राजाचा विनोदी मित्र’ एवढाच अर्थ लिहिला. बहुतेक संस्कृत नाटकांपुरता तो चालून जातो. पण तेवढाच पाठ करून एखादा विद्यार्थी जोतीराव फुल्यांच्या १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’कडे वळला, तर त्याला राजाच सापडणार नाही. तिथला विदूषक जोशाची लबाडी आणि कुणब्याचे भोळेपण पाहून त्यावर रोखठोक बोलतो, आणि नाटकाचा अर्थ बराचसा त्याच्या बोलण्यातून उलगडतो. अशा वेळी पाठ केलेला अर्थ मदत तर करत नाहीच, उलट आडवा येतो.

पण म्हणून शब्दच नको, असे म्हणता येत नाही. गेल्या वर्षी अंबाजोगाईत अकरावीच्या वर्गात ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकाचे मराठी भाषांतर वाचत होतो. दुष्यंत समोर असतानाच प्रियंवदा अनसूयेला विचारते, की हा गोड बोलणारा, भारदस्त पुरुष कोण असावा. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, राजा तिथंच बसलाय की! त्याला ऐकू येत नाही का?” तिच्या मते नाटककाराची ही चूक होती. त्या ओळीआधी कंसात छापलेला ‘जनांतिक’ हा शब्द सगळ्यांनी न वाचताच ओलांडला होता.

मग तिला पुढे बोलावले. तळहात उभा धरून सगळी बोटे ताठ ठेवायची आणि अनामिका तेवढी दुमडायची; या हस्तमुद्रेला त्रिपताक म्हणतात. तो हात राजाच्या बाजूने आड धरला की बोललेले मैत्रिणीला आणि प्रेक्षकांना ऐकू येते, राजाला येत नाही, असा हा नट आणि प्रेक्षक यांच्यातला करार असतो; यालाच जनांतिक म्हणतात. स्वगतात मैत्रीणही वगळली जाते. मुलीने हात धरला, ओळ म्हटली, आणि राजा झालेला मुलगा खरोखरच दुसरीकडे पाहू लागला (त्याला मी तसे सांगितले नव्हते). नंतर तीच म्हणाली, की वगातला सोंगाड्यासुद्धा राजासमोरच राजाची चेष्टा करतो आणि ती फक्त आपल्याला ऐकू येते. म्हणजे करार तिच्या ओळखीचा होता. त्याला नाव आहे, हे तेवढे नवे होते. ते नाव मिळाल्यावर पुढच्या अंकांतली अशी ठिकाणे तिने स्वतःच शोधली.

‘नेपथ्य’ शब्दाचा घोटाळा याहून मजेदार आहे. जुन्या नाटकात ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की आवाज पडद्याआडून येतो. आज छत्रपती संभाजीनगरच्या नाट्यगृहाबाहेर फलकावर ‘नेपथ्य’ लिहिलेले असते, तेव्हा रंगमंचावरची मांडणी कोणाची ते सांगायचे असते. एकाने उत्तरपत्रिकेत लिहिले होते, की ‘येथे नेपथ्यकार बोलतो’. मी अर्धा गुण दिला, कारण त्याने निदान शब्द वाचला होता.

तेव्हा यादी रद्द करत नाही, तिची मांडणी बदलतो. प्रत्येक शब्द नाटकातल्या ज्या जागी अडतो, त्या जागेसह देईन, आणि भारूड, वग, गोंधळ यांतले शब्दही त्याच रांगेत घेईन. ते आधी राहून गेले, हा दोष माझाच आहे. भारुडात मागे उभे राहून धृपद उचलून धरणाऱ्याला आमच्याकडे झीलकरी म्हणतात. आपल्या गावात त्याला काय म्हणतात, ते कळवावे. ती ओळ मी कोरी ठेवली आहे.