अनवाणी पायांचं कौतुक पुरे

आमच्या दहावीच्या बॅचच्या गटात परवा पुन्हा तो मेसेज आला. दर चार-सहा महिन्यांनी येतो. सोबत ढेकळांतून अनवाणी पळणाऱ्या पोराचा फोटो आणि खाली मजकूर, थोडक्यात असा: ‘सुविधा नाहीत म्हणून रडणाऱ्यांसाठी. उसेन बोल्ट अर्धपोटी वाढला. हिमा दास अनवाणी धावली. दुती चंदच्या घरी दोन वेळची भ्रांत होती. गरिबीच्या भट्टीतूनच सोनं निघतं. एसीत वाढलेल्यांना पदकं मिळत नाहीत. जिद्द असेल तर बूट लागत नाहीत, ट्रॅक लागत नाही, कोच लागत नाही. पटलं तर दहा गटांत पाठवा.’

गेली अठरा वर्षं मी तालुक्याच्या शालेय स्पर्धांत अंतिम रेषेजवळ स्टॉपवॉच धरून उभा असतो. मुरमाचं मैदान, त्यावर फक्कीनं मारलेल्या आठ लेन, त्यातल्या दोन हमखास तिसऱ्या शर्यतीपर्यंत पुसलेल्या. म्हणजे मेसेजमध्ये ज्या भट्टीचं वर्णन आहे तिच्या तोंडाशीच मी उभा असतो. सोनं निघताना फारसं दिसलेलं नाही. म्हणून यावेळी ओळीनं उत्तर देतो.

बोल्टपासूनच सुरुवात. जमैकातल्या शेरवुड कंटेंट नावाच्या खेड्यात त्याच्या आईवडिलांचं किराणा दुकान होतं. श्रीमंती नव्हती, पण वाण्याचं पोर अर्धपोटी कसं राहील? शाळेत त्याला पळायला शिकवणारा पाब्लो मॅकनील स्वतः ऑलिंपिकमध्ये धावलेला माणूस. त्याची बोल्टबद्दलची तक्रार काय, तर पोरगं मन लावून सराव करत नाही, नुसत्या टवाळक्या करतं. जिद्दीचा पुतळा म्हणून ज्याचा फोटो आपण फिरवतो, त्याला त्या वयात जिद्दीचं फारसं वावडं नसलं तरी प्रेमही नव्हतं. 2002 मध्ये किंग्स्टनला झालेल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत पंधराव्या वर्षी त्यानं 200 मीटर जिंकली. घरच्या प्रेक्षकांपुढे इतका घाबरला होता की बूट उलट्या पायांत घातले होते. म्हणजे बूट होते.

जमैकात वेगवान पोरं निपजतात त्याचं उत्तर गरिबीत शोधणाऱ्यांनी एकदा शेजारच्या बेटाकडे पाहावं. हैती जमैकाहून कितीतरी गरीब. लोकसंख्या जवळपास चौपट. तिथल्या लोकांचे पूर्वजही जमैकासारखेच आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. आणि आजवरच्या सगळ्या ऑलिंपिकमध्ये मिळून हैतीची पदकं किती? दोन. 1924 मध्ये नेमबाजीचं, 1928 मध्ये लांब उडीचं. वेगवान शर्यतीत शून्य. भट्टी तिथे जास्त तापलेली आहे. मग सोनं कुठाय?

जमैकात आहे आणि हैतीत नाही अशी गोष्ट म्हणजे ‘चॅम्प्स’. 1910 पासून चालत आलेली शाळांची मैदानी स्पर्धा. मुलींची 1957 पासून, पुढे 1999 मध्ये दोन्ही एकत्र झाल्या. मार्चमध्ये पाच दिवस राष्ट्रीय स्टेडियम शाळकरी पोरांच्या शर्यती बघायला भरतं, टीव्हीवर थेट दाखवतात, माजी विद्यार्थी शाळेच्या रंगाचे कपडे घालून येतात. आपल्याकडे कुस्तीचा फड जसा भरतो तसा. जेमतेम 28 लाखांच्या देशात प्रत्येक चपळ पोरावर दहाव्या-बाराव्या वर्षीच कुणा ना कुणा मास्तरची नजर पडते. आणि तो मास्तर शिकलेला असतो. 1980 पासून तिथे जी. सी. फॉस्टर हे शारीरिक शिक्षणाचं स्वतंत्र कॉलेज आहे. बेटावरच्या शाळांना प्रशिक्षक तिथून मिळतात.

जमैकाचीच धावपटू शेली-ॲन फ्रेझर-प्राइस मात्र खरोखरच हलाखीतून आली. किंग्स्टनच्या वॉटरहाऊस वस्तीतली, गोळीबार नित्याचा. आई रस्त्यावर माल विकायची. मेसेज लिहिणाऱ्याला खरं तर बोल्टऐवजी तीच घ्यायला हवी होती. पण तिच्या बाबतीतही वाट कुठून जाते बघा. वोल्मर्स ही जुनी नावाजलेली शाळा, चॅम्प्स, मग प्रशिक्षक स्टीफन फ्रान्सिसचा एमव्हीपी क्लब, मग 2008 चं बीजिंग ऑलिंपिक. वॉटरहाऊसमध्ये तिच्यासारख्या मुली कमी नसतील. एमव्हीपीपर्यंत पोहोचली ती ही.

आता हिमा. आसामच्या धिंगजवळच्या कांधुलिमारी गावची, शेतकऱ्याची मुलगी, मुलांबरोबर चिखलात फुटबॉल खेळायची. सुरुवातीला अनवाणी धावली हे खरं. पुढची गोष्ट तिनंच सांगितलेली आहे, ती मेसेजमध्ये कधी येत नाही. वडिलांनी तिला स्पाइक्सचे, म्हणजे तळाला खिळे असलेले, साधे बूट आणून दिले. तिनं त्यांवर स्वतःच्या हातानं ‘आदिदास’ असं लिहिलं. आता मला सांगा, ही पोरगी बूट नको म्हणणारी आहे का? निपोन दास या प्रशिक्षकानं तिला हेरलं, घरच्यांना समजावलं आणि गुवाहाटीला आणलं. 2018 च्या जुलैमध्ये फिनलंडमधल्या तांपेरे इथं तिनं 51.46 सेकंदांत 400 मीटरचं जागतिक ज्युनियर सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिच्या पायात चांगले स्पाइक्स होते आणि पायाखाली सिंथेटिक ट्रॅक. त्याच सप्टेंबरात आदिदासनं तिच्याशी करार केला.

दुतीच्या घरी भ्रांत होती, हेही मान्य. ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातलं विणकराचं घर, सात भावंडं. पण दुतीची खरी पुंजी तिची मोठी बहीण सरस्वती होती. ती राज्य पातळीवर धावायची, तिनंच धाकटीला नादी लावलं. 2006 मध्ये, दुती दहा वर्षांची असताना, दोघी सरकारी क्रीडा वसतिगृहात दाखल झाल्या. दहाव्या वर्षी! वसतिगृह म्हणजे काय हे ज्यानं पाहिलंय त्याला कळेल: ठरलेल्या वेळी ताटात वरण-भात, अंडं, दूध, सकाळ-संध्याकाळ मैदान, आणि घरी कुणी हातमागावर बसवायला नाही. दुतीची गरिबी तिथे संपली असं नाही, पण तिच्या पायांवरचं गरिबीचं ओझं तिथे उतरलं. मेसेज ओझ्याचं कौतुक करतो, ते उतरवणाऱ्याचं नावही घेत नाही.

आणि दुतीची जिद्दच बघायची असेल तर ती चुलीपाशी कशाला बघता? 2014 मध्ये शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर बाहेर काढलं. अठरा वर्षांची पोर, बदनामी देशभर. औषध घेऊन पातळी कमी कर किंवा शस्त्रक्रिया कर, असे मार्ग समोर होते. तिनं दोन्ही नाकारले, क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015 मध्ये तो नियमच स्थगित करून आली. त्या लढाईतही कॅनडातले वकील, आपल्याकडच्या अभ्यासक, क्रीडा खातं असे हात सोबत होते. पुढे 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोन रौप्य. त्याच दुतीवर 2023 मध्ये उत्तेजकांसाठी चार वर्षांची बंदी आली हेही लिहायला हवं, नाहीतर माझंही उत्तर मेसेजसारखंच व्हायचं.

‘अर्धपोटी’ या शब्दाशी मी जरा थांबतो, कारण तो सगळ्यात घातक आहे. पी. टी. उषाला 1984 च्या लॉस एंजेलिसमध्ये 400 मीटर अडथळा शर्यतीत कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. 55.42, आणि तिसरी आलेली 55.41. हे सगळ्यांना पाठ आहे. ती तिथे काय खात होती ते कमी जणांना माहीत असतं. ऑलिंपिक ग्राममधलं जेवण तिला मानवत नव्हतं, म्हणून भाताची पेज आणि लोणचं. शेवटच्या 35 मीटरमध्ये अंगात त्राण उरलं नाही, असं तिनंच नंतर सांगितलं आहे. कोकणातल्या माणसाला पेज-लोणच्याबद्दल वेगळं सांगायला नको, आजारातून उठलेल्या माणसाला ती देतात. उषालाही केरळ सरकारनं 1976 मध्ये कण्णूरला काढलेल्या मुलींच्या क्रीडाशाळेनं आणि प्रशिक्षक ओ. एम. नंबियारांनी घडवलं होतं. सगळं जुळून आलं आणि शेवटी ताटानं दगा दिला.

आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. नेमक्या याच वयाच्या मुली माझ्यासमोर रेषेवर उभ्या असतात. पहिली शर्यत बरी धावतात, तासाभरानं उपांत्य फेरी, तिथे ओठ पांढरे. वेगवान धावपटू शर्यतीत घडत नाही, सरावातून रोज सावरण्यात घडतो, आणि सावरायला रक्त आणि मांस लागतं.

‘बूट लागत नाहीत’ या ओळीच्या पुराव्यादाखल कुणीतरी अबेबे बिकिला टाकतोच. इथिओपियाचा हा सैनिक 1960 च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोत तोच माणूस बूट घालून धावला: 2 तास 12 मिनिटं 11 सेकंद. तीन मिनिटं वाचली. बुटाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र नको. आणि मॅरेथॉनचं सोडा, 100 मीटरमध्ये पाय जमिनीला सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टेकतो आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट रेटा द्यायचा असतो. मुरमावर, खिळ्यांशिवाय, पाय सरकला की संपलं. डांबरी रस्त्यावर हेच रोज केलं की नडगीचं दुखणं ठरलेलं. आमच्याकडे त्यावर आयोडेक्स आणि ‘चल, काही होत नाही’ हे दोनच उपाय.

फोनवरचे चमत्कार हा याच ओळीचा दुसरा भाग. 2019 च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातल्या शिवपुरीकडच्या एका तरुणाचा व्हिडिओ फिरला, अनवाणी 100 मीटर 11 सेकंदांत. त्याला भोपाळला बोलावून ट्रॅकवर चाचणी घेतली. तो शेवटचा आला, वेळ सुमारे 12.9. चूक त्याची नव्हती. रस्त्यावर अंतर कुणी मोजलं होतं, घड्याळ कुणी दाबलं होतं? हातानं घेतलेल्या वेळेत 100 मीटरला 0.24 सेकंद मिळवतात ते उगाच नाही, आणि तो हिशेब माझ्यासारख्या सरावलेल्या अंगठ्याचा आहे. पुढच्याच फेब्रुवारीत कर्नाटकातल्या कंबळा या रेड्यांच्या शर्यतीतला श्रीनिवास गौडा: 142.5 मीटर 13.62 सेकंदांत, म्हणजे 100 ला 9.55, बोल्टपेक्षा वेगवान! पुढे दोन रेडे ओढत होते एवढंच लोक विसरले. गौडा मात्र शहाणा निघाला. कंबळा वेगळं, ट्रॅक वेगळा, असं म्हणून त्यानं चाचणीचं आमंत्रण नम्रपणे नाकारलं.

‘एसीत वाढलेल्यांना पदकं मिळत नाहीत.’ याला एक नाव पुरे. 2025 च्या जुलैमध्ये ग्रीसमध्ये 10.18 सेकंदांचा भारतीय विक्रम करणारा अनिमेष कुजूर. छत्तीसगडचा आदिवासी मुलगा, आईवडील दोघेही पोलिस खात्यात, शिक्षण अंबिकापूरच्या सैनिक शाळेत, सराव भुवनेश्वरच्या केंद्रात मार्टिन ओवेन्स या परदेशी प्रशिक्षकाकडे. घरी एसी होता का, मला ठाऊक नाही. पण ताट भरलेलं होतं आणि शाळेला मैदान होतं.

राहिली जिद्द. ती नाही असं मी कुठं म्हणतो? पहाटे साडेचारला आमच्या हायवेच्या कडेनं जा. अंधारात शंभर पोरं-पोरी पळताना दिसतील, पायात बाजारातले तीनशे रुपयांचे बूट, बाजूनं ट्रक. पोलिस भरती. मुलांना 1600 आणि 100 मीटर, मुलींना 800 आणि 100, शिवाय गोळाफेक. जिद्द तिथे पोत्यानं आहे. पण घरात पगार नसलेल्या पोराला ती 10.5 सेकंदांवर लावणं परवडत नाही, ते ती खाकीवर लावतं, आणि ते बरोबरच आहे. हिशेब आणखी बिघडतो तेव्हा काय होतं ते 2023 च्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत दिसलं. उत्तेजक तपासणारे अधिकारी आल्याचं कळताच धावपटू पसार झाले आणि पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच जण धावला. एका पदकावर सगळ्या घराची नोकरी टांगलेली असली की भट्टीतून हेही निघतं.

शेवटी भट्टीचंच. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात आठवीतल्या एका पोरीनं 100 मीटरला माझ्या घड्याळात 13.1 दाखवले. अनवाणी, मुरमावर, वळून मागे बघत. मी घड्याळ झटकून बघितलं. जिल्ह्यालाही ती पहिली आली. विभागाची स्पर्धा दिवाळीच्या आसपास होती, आणि तोवर आईबापाचा कोयता ऊसतोडीला साखर कारखान्याकडे निघाला होता. धाकट्या भावाला तिथल्या कोपीवर, म्हणजे खोपटात, सांभाळायला कुणी तरी हवंच. मेसेजमधल्या सगळ्या अटी ती पूर्ण करत होती. तिचा फोटो कुठल्याच गटात येणार नाही, कारण भट्टीतून न निघालेल्यांचे फोटो कुणी काढत नाही.

हे सगळं एवढं लांब मी गटात लिहिलं नाही. तिथे एकच ओळ टाकली: ‘यंदा एका मुलीला जिल्ह्याला न्यायचंय, पाच नंबरचे स्पाइक्स कुणाच्या घरी पडून आहेत का?’ रात्रीपर्यंत सोळा जणांनी अंगठा दाखवला.