ते बाजाराचं आहे

आज सकाळी आमच्या भागात नव्याने उघडलेल्या सेंद्रिय भाजीच्या दुकानात मी पहिल्यांदाच गेले. पालकाची एक जुडी, अर्धा किलो टोमॅटो, पाव किलो भेंडी आणि सहा पेरू एवढ्याचे ३४० रुपये झाले, म्हणून मी पेरू परत ठेवले. काउंटरवरचा तरुण हसून म्हणाला, "मॅडम, इथे वाचवलेले पैसे उद्या डॉक्टरला द्यावे लागतात." मुलगा वाईट नव्हता, हे वाक्य त्याला कोणीतरी पढवलेले असणार, पण घरी पोहोचेपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेले नाही. आम्ही घरात चार माणसे आणि भाजी-फळांसाठी मी महिन्याला साडेतीन हजार रुपये बाजूला काढते. त्या दुकानातून रोज घ्यायचे म्हटले तर हे पैसे दहाव्या दिवशी संपतील. मग उरलेले वीस दिवस मी पोरांना विष चारते, असे समजायचे का?

विष हा शब्द मी उगाच वापरत नाही. जुन्नर तालुक्यात माझ्या मामाचे शेत आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिकडे गेले असता बांधालगतच्या वाफ्यातली जांभळी, चकचकीत वांगी पाहून मी टोपली घेऊन तोडायला बसले, तेव्हा मामी धावत आली आणि माझ्या हातातले वांगे काढून घेत म्हणाली, "अगं, ते नको तोडूस, ते बाजाराचं आहे." विकायच्या मालाला हात लावला म्हणून ती रागावली, असे वाटून मी ओशाळले. तिने मला घरामागे नेले. तिथे न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढलेले होते आणि त्याच्या पलीकडे वांग्याची सात-आठ झाडे होती. फळे लहान, वाकडी, काहींना भोके पडलेली. "ही घरची," ती म्हणाली. आदल्याच दिवशी बांधाकडच्या वाफ्यावर फवारणी झाली होती, हे मला रात्री जेवताना समजले.

मामाला त्यावर मी तावातावाने बोलले होते, याची आज लाज वाटते. फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचे, हे त्याला चांगले ठाऊक आहे. पण बाजारात भाव चढलेला असताना थांबणे त्याला परवडत नाही आणि भोक पडलेले वांगे आपल्यापैकी कोणी उचलत नाही. शिवाय पाठीवर पंप घेऊन तो फवारा सर्वांत आधी तोच श्वासातून आत घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा आपण चार दिवस हळहळलो आणि पाचव्या दिवशी पुन्हा बिनडागाची, चकचकीत वांगी निवडू लागलो. मीही त्यातलीच.

सेंद्रिय माल महाग का, हेही मला कळते, उगाच नाकारणार नाही. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकाच्या जमिनीला साधारण दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे रूपांतरणात, म्हणजे रसायने बंद ठेवून, काढावी लागतात. त्या काळात उत्पादन बहुधा घटते आणि भाव मात्र साध्या मालाचाच मिळतो. तणनाशक नाही म्हटल्यावर खुरपणीची मजुरी वाढते. एवढे सगळे मान्य केले, तरी त्या दुकानातल्या पालकाचे साठ रुपये शेतकऱ्याच्या हाती पडतात, यावर माझा विश्वास नाही. गार हवेचे यंत्र, काचेचा दरवाजा आणि जुडीभोवतीची छापील पट्टी यांचे पैसे त्यात आहेतच की!

मग आमच्यासारख्यांनी करायचे काय? मी स्वतःपुरता एक हिशेब बसवला आहे. पैसे थोडे असतील तर ते पालेभाजी, भेंडी, वांगी, द्राक्षे अशा सालीसकट पोटात जाणाऱ्या गोष्टींवर खर्च करावेत. केळी, कलिंगड, कांदा साध्या बाजारातून आणावेत आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. सध्या पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या मावशी टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसतात. माळावर आपसूक उगवणाऱ्या टाकळ्यावर फवारणी करायला कोण जाणार आहे? मेथी तर डब्यातल्या दाण्यांपासून कुंडीत महिन्याभरात येते. मिठाच्या पाण्यात भाजी भिजवून निर्धास्त होणाऱ्या मैत्रिणींना मात्र सांगायला हवे, की वरवरचे थोडेफार निघत असेल, आंतरप्रवाही औषध झाडाच्या आतच भिनलेले असते. ते धुऊन जात नाही. (धुणे सोडू नका, एवढ्यासाठी हे लिहिलेले नाही.)

खरे सांगायचे तर माझे मन त्या घरामागच्या सात-आठ झाडांपाशीच घुटमळते. लहान शेतकऱ्याने आपला माल थेट खाणाऱ्याला विकला तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह त्याला लावता येत नाही. मामाच्या मालावर ते चिन्ह मला कशाला हवे? मामीने माझ्या हातातून वांगे काढून घेतले, त्याहून मोठे प्रमाणपत्र कोणते असणार? एकदा मी मामाला विचारलेही होते, की घरच्यासारखी पाच गुंठे भाजी आमच्यासाठी लावशील का. त्याने उलट विचारले, "पावसाने भाव पडला किंवा माल किडला, तरी ठरल्या पैशात उचलशील का?" मी त्या दिवशी गप्प बसले होते.

आज दुपारी, पेरू परत ठेवल्याचा राग अजून उतरलेला नसताना, मी इमारतीतल्या सात घरांची दारे वाजवली. महिन्याला सहाशे रुपये आगाऊ, जे पिकेल ते घ्यायचे, आठवड्यातून एकदा, तेही गावाहून येणाऱ्या गाडीने. पाच जणी लगेच तयार झाल्या. एकीने यादी मागितली, तिला यादी मिळणार नाही असे सांगितले. एकीने दार उघडले नाही. संध्याकाळी मामाला फोन करून सांगितले, की माझे धरून सहा घरे नक्की आहेत. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लावतो. पण पहिली अळी निघाली की तुझ्या शेजारणी काय म्हणतात, ते मला फोन करून सांग."