ग्रीस मारलं म्हणजे बेअरिंग तपासलं असं होत नाही

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, असणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. "हबला (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) ग्रीस निपल (बाहेरून ग्रीस भरायचं तोंड) असेल तर चाक उघडायची गरजच नाही, वर्षातून एकदा नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारत राहा. ट्रेलर वर्षभर उभाच असेल तर काहीच करू नका. आणि नट गच्च आवळा." हे वाचून कुणी तसं करू नये म्हणून लिहितोय.

पहिलं, चाक न उघडणं. बाहेरून भरलेलं ग्रीस बेअरिंगची अवस्था सांगत नाही हो! रोलरवर खड्डे पडलेत का, कप (बेअरिंगची बाहेरची कडी) निळसर पडलाय का, सील फाटलंय का, हे हब काढून बेअरिंग रॉकेलने धुतल्याशिवाय दिसत नाही. डेक्स्टरसारखे अॅक्सल बनवणारे १२ महिने किंवा १२,००० मैल, म्हणजे साधारण १९,००० किमी, यातलं जे आधी होईल तेव्हा बेअरिंगकडे बघा म्हणतात. खड्डा दिसला तर कोन (रोलर बसवलेली आतली कडी) आणि कप दोन्ही बदला, नुसता कोन नको, आणि सील तर दरवेळी नवीनच.

दुसरं, मारत राहा. यात अर्धं खरं आहे, निपलवाल्या स्पिंडलमध्ये (हब ज्यावर फिरतो तो दांडा) ग्रीस आधी मागच्या बेअरिंगला जातं आणि मग पुढून बाहेर येतं, पण ते चाक जमिनीवरून उचलून, फिरवत फिरवत, हाताच्या गनने सावकाश भरायचं असतं. हवेच्या गनने जोरात मारलं किंवा सील जुनं असलं की ग्रीस मागून निसटून सरळ ब्रेकमध्ये. माझ्या ट्रेलरचं असंच झालं, एका बाजूचे ब्रेक शू ग्रीसने भिजलेले आणि मी मात्र भरपूर ग्रीस भरलं म्हणून निर्धास्त! शूच्या लायनरमध्ये मुरलेलं ग्रीस पुसून जात नाही, शू बदलावेच लागतात. शिवाय जुनं ग्रीस कुठलं होतं ते माहीत नसेल तर वरून दुसरं भरू नका, काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात.

तिसरं, उभा ट्रेलर. उलट उभ्या ट्रेलरचं बेअरिंग जास्त बघावं लागतं, कारण आत ओल शिरली की रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच गंज धरतो आणि पुढच्या लांबच्या प्रवासात तिथूनच कप सोलायला लागतो.

चौथं, नट गच्च आवळणं, सगळ्यात धोक्याचं. हा नट म्हणजे चाकाचे बाहेरचे नट नव्हेत, स्पिंडलवर बेअरिंग धरून ठेवणारा नट. टेपर रोलर (निमुळते रोलर असलेल्या) बेअरिंगला किंचित ढील लागते, गच्च आवळलं की ते तापतं आणि जळतं. बऱ्याच अॅक्सलला पद्धत अशी, हब फिरवत नट साधारण ६८ न्यूटन-मीटरला आवळायचा म्हणजे बेअरिंग बसतं, मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करायचा, बोटांनी लागेल तेवढाच परत लावायचा आणि पिन घालायची. आकडा मात्र तुमच्या अॅक्सलच्या मॅन्युअलमधलाच धरा. सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग असेल तर तिथे ग्रीस भरायचंच नसतं, हे तर मेसेजमध्ये नावालाही नाही.

प्रवासात थांबलात की सगळ्या हबचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा, ब्रेक लावून हब थोडे गरम होणारच, पण एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापला असेल तर तिथून पुढे ट्रेलर नेऊ नका.