मिराजच्या खोक्यामागचा मजकूर वाचलात का?

"ट्रान्सफॉर्मर्स कॉमिक्सची वाट कशी लावली" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. (ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे गाड्या, विमानं अशा यंत्रांत रूप बदलणारे रोबोट.) भाच्याने तो मला पाठवला, वर "पटतंय" असं लिहून. म्हणून हे उत्तर. मेसेजचा गाभा असा: 1984 ची मालिका म्हणजे रोबोटांची निखळ मारामारी होती, 2012 पासून आयडीडब्ल्यू या कॉमिक्स प्रकाशनाच्या लेखकांनी तिच्यात वर्गभेद, बायका आणि प्रेमप्रकरणं कोंबली, आणि यंत्रांना यातलं काहीच लागत नाही.

वर्गभेदाचं आधी बघू, कारण सगळ्यात हास्यास्पद मुद्दा तोच आहे. 1984 मध्ये हॅस्ब्रोने ही खेळणी आणली तेव्हा खोक्याच्या मागे त्या पात्राचा परिचय छापलेला असे. सोबत ताकद, बुद्धी, वेग, हुद्दा, धैर्य अशा आठ गुणांचा आलेख, जो लाल पट्टीतून पाहिल्यावरच वाचता येई. सुरुवातीचे बहुतेक परिचय मार्व्हलच्या बॉब बुडियान्स्कींनी लिहिले. त्यातला मिराज कसा आहे? ऑटोबॉट, म्हणजे चांगल्या बाजूचा सैनिक, म्हणून लढण्यात त्याला गोडी नाही. त्यापेक्षा सायबरट्रॉन या रोबोटांच्या ग्रहावर आपल्या श्रीमंत मित्रांसोबत टर्बोफॉक्सची, म्हणजे यांत्रिक कोल्ह्यांची, शिकार केलेली बरी, असं त्याला वाटतं. म्हणजे शिकारीला जाणारा उच्चभ्रू वर्ग पहिल्याच वर्षी, खेळण्याच्या पुठ्ठ्यावर हजर आहे. शत्रुपक्षाच्या, म्हणजे डिसेप्टिकॉनांच्या, नेत्याला, मेगाट्रॉनला खाणकामगार केलं तेही 2007 मध्ये, 2012 मध्ये नव्हे.

जेम्स रॉबर्ट्स यांनी आयडीडब्ल्यूच्या 2012 च्या 'मोअर दॅन मीट्स द आय' या कॉमिकमध्ये एवढंच केलं की मूळ कल्पनेला एक साधा प्रश्न विचारला. ज्याचं शरीर सूक्ष्मदर्शकात बदलतं त्याने आयुष्यभर सूक्ष्मदर्शकच राहायचं का? 'हो' म्हणणाऱ्या विचारसरणीला तिथे फंक्शनिझम म्हणतात. आकार मिळाला की काम ठरलं, काम ठरलं की पायरी ठरली. (ही व्यवस्था मराठी वाचकाला समजावून सांगावी लागते याचंच नवल वाटतं.) व्हर्लचं शरीर हेलिकॉप्टरचं, पण त्याला घड्याळं बनवायची होती. शिक्षा झाली एम्प्युराटा: डोकं आणि हात काढून घ्यायचे, त्या जागी एकच डोळा आणि नांगे बसवायचे. आता गंमत बघा. व्हर्ल आणि हीच शिक्षा भोगलेला शॉकवेव्ह यांची 1985 ची खेळणी मुळातच एकाच डोळ्याची होती. तो निव्वळ साच्याचा योगायोग. तीस-एक वर्षांनी लेखकाने त्या योगायोगामागे एक कायदा, एक शिक्षा आणि एक भेदरलेला समाज उभा केला. याला कोंबणं म्हणत नाहीत, विश्वरचना म्हणतात. खात्री हवी असेल तर 9 ते 11 हे तीन अंक वाचा, बाकीचे नाही वाचलेत तरी चालेल.

"रोबोटांना लिंग नसतं, मग बायका कशाला?" नसतं ना? मग उरलेल्या सगळ्यांना 'तो' म्हणताना का नाही खटकलं? आणि एलिटा वन, क्रोमिया, मूनरेसर, फायरस्टार या 1985 च्या कार्टूनमध्ये आहेत, आर्सी 1986 च्या चित्रपटात. विंडब्लेड नवी खरी, पण ती चाहत्यांच्या मतदानातून आली. पात्र स्त्री असावं की पुरुष हेही 2013 मध्ये लोकांनीच मत देऊन ठरवलं. यात जबरदस्ती कोणी कोणावर केली?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. 2008 मध्ये आर्सीला जो पूर्वेतिहास दिला तो वाईटच होता. एका शास्त्रज्ञाने प्रयोग म्हणून तिला स्त्री केलं आणि त्यामुळे ती खुनशी झाली, अशी ती कथा. पण मेसेजवाल्यांची गाडी इथेही उलटी आहे. ही चूक वैविध्य वाढवल्याने झाली नाही. अख्ख्या ग्रहावर एकच बाई ठेवली की तिच्या असण्याचं कारण द्यावं लागतं, आणि ते असं विचित्र निघतं. नंतर सायबरट्रॉनच्या वसाहतींमधून स्त्री-पात्रं आली तेव्हा कोणालाही खुलासा द्यावा लागला नाही.

प्रेमाबद्दल दोनच वाक्यं. क्रोमडोम बोटांतल्या सुया मानेत घालून आठवणी वाचतो आणि पुसतो. आधीचे जोडीदार गेल्यावर त्याने स्वतःच्याच आठवणी पुसल्या होत्या, त्यामुळे आताचा जोडीदार रिवाइंड गेल्यानंतर तो काय करणार हा प्रश्न याच शरीराच्या पात्राला पडू शकतो, माणसाला नाही.

राहता राहिलं "शेवटी ही खेळण्यांची जाहिरातच ना!" हो, आहे. 1984 मध्ये स्टारस्क्रीम, स्कायवॉर्प आणि थंडरक्रॅकर ही तीन विमानं एकाच साच्यातून काढून तीन रंगांत विकली. त्यातल्या थंडरक्रॅकरला डिसेप्टिकॉनांचं ध्येय पुरतं पटत नाही, असं त्याच्या खोक्यावरच लिहिलं होतं. आयडीडब्ल्यूच्या कॉमिकमध्ये तो युद्ध सोडून पृथ्वीवर एक कुत्री पाळतो आणि पटकथा लिहीत बसतो. अगदी भिकार पटकथा.