लिलीवरील अळी आणि सरबताच्या बाटलीतील विष

गेल्या आठवड्यात आत्याकडे गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याखाली, तेलाच्या डब्याला लागूनच कोकम सरबताची एक बाटली दिसली. लेबल सरबताचेच होते. आत मात्र शेजाऱ्यांच्या शेतावरून मागून आणलेले मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक पाण्यात कालवून ठेवलेले होते. हे कशासाठी, असे विचारल्यावर आत्याने मोबाइल पुढे केला. ‘लिलीवरील काळी अळी : हात लागताच मृत्यू’ हा संदेश मलाही चार गटांतून आला होता आणि चारही वेळा मी तो पुरता न वाचता पुसून टाकला होता.

संदेशाचे म्हणणे असे : ही अळी घोणस अळीच्याच जातीची असून तिच्या स्पर्शाने माणूस पाच मिनिटांत दगावतो, ती पावसाबरोबर आकाशातून पडते, तिच्यावर मोनोक्रोटोफॉस दुप्पट मात्रेत फवारावे व उरलेले बाटलीत भरून ठेवावे, मुळाशी मिठाचे पाणी ओतावे, एवढ्याने भागले नाही, तर पाने छाटून कडुनिंबाचे तेल मारावे.

घोणस अळी २०२२ मध्ये आपल्याकडे गाजली. तिच्या काट्यांनी आग होते हे खरे. परंतु तेव्हा फिरवलेली मृतांची छायाचित्रे वीज पडून गेलेल्या माणसांची होती. लिलीवरच्या अळीला तर तसे डंख करणारे काटेच नसतात. काळपट अंगावर पांढरे ठिपके, अधूनमधून तांबूस डाग आणि चार-दोन विरळ केस, एवढाच तिचा थाट. हिच्या पतंगाचे शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. त्यातले ‘ग्लोरिओसा’ म्हणजे आपली कळलावी. (संदेश लिहिणाऱ्यालाही हे नाव शोभले असते.) पतंग पानाच्या मागे पुंजक्याने अंडी घालतो आणि त्यातून निघालेल्या अळ्या स्पायडर लिली, सुदर्शन, रेन लिली यांची पाने घोळक्याने खरवडतात, त्यामुळे सकाळी झाड अचानक अळ्यांनी भरलेले दिसते आणि ‘आकाशातून पडल्या’ असे वाटते. मात्र या झाडांच्या कंदांतच विषारी द्रव्ये असतात, त्यामुळे ती हाताळल्यावर हात धुवावेत, एवढे मी मान्य करतो.

माझा खरा संताप आहे तो मोनोक्रोटोफॉसवर. हे औषध श्वासावाटेच नव्हे, तर कातडीतूनही शरीरात शिरते आणि मज्जासंस्थेवर आघात करते. २००५ मध्ये आपल्या देशात भाजीपाल्यावर त्याच्या वापराला बंदी घालण्यात आली. मग ज्या अंगणात कढीपत्ता आणि तुळस लिलीच्या शेजारीच आहेत, तिथे ते दुप्पट मात्रेत, हातमोज्यांवाचून फवारायला सांगणाऱ्याला काय म्हणावे? त्याहून भयंकर आहे ते ‘उरलेले बाटलीत भरून ठेवा’ हे वाक्य. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन जेवून २३ मुले दगावली; तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. तिथेही विष स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले होते आणि आत्याच्या घरी ते तेलाच्या डब्याला टेकून उभे होते, तेही सरबताचे नाव लावून. त्या घरात सुट्टीला दोन नातवंडे येतात. अळीने माणूस मेल्याचा एकही दाखला संदेशात नाही. फवारणीने मेलेल्यांचा मात्र आपल्याच यवतमाळात २०१७ मध्ये सापडतो, आणि ते कापूस फवारणारे शेतकरी व मजूर होते.

मिठाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्याने अळी मरत नाही, माती मात्र बिघडते.

राहता राहिला शेवटचा उपाय, आणि नाइलाजाने का होईना, तो निम्मा बरोबर आहे हे कबूल केले पाहिजे. अंड्यांचे पुंजके असलेली पाने छाटून टाकली, तर कंदातून नवी पाने फुटतात. कडुनिंबाचे तेल लिटरभर पाण्यात पाच मिली, थोडा द्रव साबण घालून, संध्याकाळी व पुनःपुन्हा मारले, तर लहान अळ्यांवर चालते, मोठ्यांवर फारसे नाही. मोठ्यांसाठी हातमोजा आणि साबणाच्या पाण्याची बादली पुरते. झाडे पुष्कळ असतील, तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य औषध लेबलवरील मात्रेत वापरावे. पान खाल्ल्यावर ते अळीच्या आतड्यात काम करते, म्हणून पानाच्या दोन्ही बाजूंना बसले पाहिजे. अळी मातीत उतरून कोष करते, तेव्हा वाफ्याची वरची माती हलकेच खुरप्याने उलटून कोष वेचणेही विसरू नये.

आत्याच्या वाफ्यातली पाने आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी छाटली आणि बादलीत एकवीस अळ्या मोजल्या. बाटली घट्ट बंद करून, ठळक अक्षरांत ‘विष’ लिहून, मी ती ज्यांच्याकडून आली होती त्यांच्याच हवाली केली, ते म्हणाले, “अहो, आम्हालाही हाच मेसेज आला होता.”