‘इतकी घाई कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपल्या ज्यू समाजातल्या दफनाच्या रीतींवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. वडील मुंबईत वारले, तुम्ही इस्रायलमध्ये, अश्दोदला. तुम्ही पोहोचायच्या आत वरळीच्या कबरस्तानात दफन उरकलं. तुमचा राग तीन गोष्टींवर आहे. शवागाराची सोय असताना एक दिवस थांबले का नाहीत? मुलाऐवजी परक्यांनी अंघोळ का घातली? आणि साध्या फळ्यांची पेटी, ना फूल ना हार, याला मी ‘मान’ कसा म्हणतो?

आधी थांबण्याबद्दल. मयत रात्रभर ठेवू नये हा दंडक तोरातला, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथातला आहे, आणि तो मी लेखात ठासून सांगितला तो उगाच नाही. पण त्याच दंडकाला मोकळीकही आहे. ती मृताच्या मानासाठी : कफन यायचं असेल, पेटी व्हायची असेल, जवळचं माणूस वाटेवर असेल, तर थांबता येतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, तर दफन होतच नाही. शुक्रवारी दुपारनंतर माणूस गेलं तर बहुधा रविवार उजाडतो आणि तेवढा वेळ मयत शवागारातच असते. म्हणजे तुमच्यासाठी थांबणं धर्माविरुद्ध नव्हतं. मात्र हा निर्णय कुटुंबाचा. पहिल्या फोनातच घरच्यांनी हझानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, सांगायला हवं की मुलगा निघालाय, अमुक विमानानं येतोय. कोणी बोललंच नाही तर समाजातली मंडळी रीतीप्रमाणे कामाला लागतात आणि पुढचं सगळं भराभर होतं.

शवागार काय देतं हेही स्पष्ट असू द्या. साधारण चार अंशांची थंडी, नोंदवही आणि ताबा. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला दिला, हॉस्पिटलचं बिल मिटलं, नातेवाइकाची ओळख पटली की मयत मिळते. प्रकरण पोलिसांत गेलेलं असेल, तर पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही. तिथे हुज्जत घालू नये. लवकर करा, गरजेपुरतंच करा आणि जे काढाल ते शरीरासोबत परत द्या, एवढी विनंती मात्र जरूर करावी. ती करायला समाजातलं कोणी सोबत असलेलं बरं, कारण घरच्यांना त्या घटकेला शब्द सुचत नाहीत. मयतीला एकटं सोडायचं नाही ही आपली रीत शवागारातही पाळता येते. आत बसू देत नसतील तर दाराबाहेर खुर्ची टाकून तेहिलिम (स्तोत्रं) वाचत बसावं. अंडरटेकर, म्हणजे अंत्यविधीची सोय करणारे व्यावसायिक, एम्बामिंग (शरीर टिकवायला रसायनं भरणं), चेहऱ्याला रंगरंगोटी, नवा सूट, काचेचं झाकण असं बरंच सुचवतात. इथेच दफन करायचं असेल, तर यातलं काहीही लागत नाही. मयत विमानानं न्यायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एम्बामिंगचा दाखला मागतात.

आता अंघोळ, म्हणजे तहारा. तुम्ही ज्यांना परके म्हणता, त्यांचं काम एकदा ऐकून घ्या. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. अंगावर सतत चादर. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडायचा आणि लगेच झाकायचा. डोक्यापासून सुरुवात, आधी उजवी बाजू, मग डावी. मयत पालथी घालत नाहीत. तिच्या अंगावरून तांब्यासुद्धा पलीकडे देत नाहीत, देणारा वळसा घालून जातो. गप्पा नाहीत. शेवटी मृताचं नाव घेऊन त्याची माफी मागतात : आमच्या हातून काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा कर. मुलानं बापाला त्या अवस्थेत पाहू नये, म्हणून हे काम दुसऱ्यांकडे दिलेलं असतं. यात मुलाला दूर सारणं नाही. आणि ज्याची परतफेड मृत कधीच करू शकत नाही, असं हे काम आहे. म्हणून आपल्याकडे याहून मोठं पुण्य मानत नाहीत.

साधेपणावर तर मी अजिबात मागे हटणार नाही. तालमुदात, म्हणजे आपल्या धर्मगुरूंच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, नोंद आहे की एके काळी मयतीचा खर्च इतका वाढला होता की तो घरच्यांना मरणापेक्षा जड व्हायचा. काही जण मयत टाकून पळून जायचे. तेव्हा रब्बान गमलिएल या मोठ्या धर्मगुरूनं स्वतःला साध्या तागाच्या कपड्यात न्यायला लावलं आणि लोकांनी तीच रीत धरली. आजही तेच पांढरं, बिनखिशाचं कफन. कारखानदार असो की गिरणी कामगार, वरळीला दोघेही तशाच कपड्यात जमिनीत गेले. तुमच्या वडिलांना दिलं ते हेच, आणि त्यात कुणी काटकसर केलेली नाही.

तुमचं बरंच काही अजून हातात आहे. कद्दीश, म्हणजे मृतासाठी म्हणतात ती प्रार्थना, अकरा महिने म्हणायचा असतो, आणि तो अश्दोदच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) म्हटला तरी तितकाच पोहोचतो. कबरीचा दगड साधारण वर्षाच्या आत बसवतात. त्यासाठी या, हिब्रूच्या जोडीनं मराठीतही मजकूर कोरून घ्या, वरळीत तसे दगड पुष्कळ आहेत. फक्त वर्षश्राद्धाची हिब्रू तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांच्या दाखल्यावरची वेळ पाहा. मृत्यू सूर्यास्तानंतरचा असेल, तर तारीख पुढच्या दिवसाची धरतात. दाखल्याची प्रत घरच्यांकडून मागवून हझानला दाखवा, म्हणजे दगडावर चुकीची तारीख जाणार नाही.